मंदिरापासून मशिदीपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेच्या आठवी-नववीतील अडतीस मुला-मुलींना घेऊन आम्ही चार शिक्षक अहमदाबादला जाऊन आलो. त्या सहलीविषयी मी बोलावे अशी अध्यक्ष साहेबांची आज्ञा झाली. सहलीचा वृत्तांत म्हटला की गाडी किती वाजता सुटली, नाश्त्याला काय होते, कोणाची पिशवी हरवली हेच ऐकावे लागते. तो सारा वृत्तांत मुलांनी भित्तिपत्रकावर लिहून व्हरांड्यात लावला आहे. तो जरूर वाचा, माझ्यापेक्षा त्यांनी चांगला लिहिला आहे. मला बोलायचे आहे ते त्या अडीच तासांविषयी, जे आम्ही त्या शहराच्या गल्लीबोळांतून पायी चालण्यात घालवले, आणि त्यातून निघालेल्या एका प्रश्नाविषयी.

सहलीचे पत्रक घरोघर गेले तेव्हा तीन प्रकारच्या हरकती आल्या. पहिली हरकत पैशाची. एक चाचा म्हणाले, "पायी फिरायला इतक्या लांब कशाला नेता? पायी तर आमची पोरे इथेही दिवसभर फिरतात!" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, त्याकडे मी शेवटी येतो. दुसरी हरकत मुलींची. ती आमच्या शिक्षिका आपांनी घरोघर जाऊन सोडवली, आणि अडतीसपैकी सतरा मुली आल्या, हे मी मुद्दाम येथे नमूद करतो.

तिसरी हरकत मात्र वेगळी होती. एक पालक शिक्षक-कक्षात येऊन बसले. चहा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "सर, दुसरे गाव नाही का मिळाले?" त्यांना काय म्हणायचे होते ते मला समजले, इथे बसलेल्या प्रत्येकाला समजले असेल. १९६९, १९८५, २००२ ही साले त्या शहराच्या नावाला चिकटलेली आहेत, आणि ज्या बापाने ती वर्तमानपत्रांत वाचली, टीव्हीवर पाहिली, त्याच्या धास्तीची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी त्यांना फक्त आमच्या पायी फेरीचा मार्ग सांगितला : सकाळी आठ वाजता काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरातून निघायचे आणि साडेदहाच्या सुमारास जुम्मा मशिदीत पोहोचायचे. १९९७ सालापासून तिथली महानगरपालिकाच ही फेरी चालवते, आणि तिचे नावच लोकांनी 'मंदिर ते मशीद' असे ठेवले आहे. ते ऐकून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी संमतिपत्र आले, सकाळ-संध्याकाळ फोन करायचा या अटीवर. आम्ही तो केला.

आता अहमदाबादच का, असे कोणी विचारील. आपण खानदेशची माणसे. पंधराव्या शतकात नंदुरबार-सुलतानपूरचा पट्टा गुजरातच्या सुलतानांकडे होता आणि त्यावरून खानदेशच्या फारुकी राजांशी त्यांच्या लढाया होत. म्हणजे आपण ज्या रेल्वेने सुरतेच्या दिशेने जातो, त्या वाटेवर एके काळी अहमदाबादच्या फौजा ये-जा करीत होत्या. पाठ्यपुस्तकात हे सारे दोन ओळींत संपते. मुले त्या दोन ओळी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मे महिन्यात विसरतात. त्यांचा यात काही दोष नाही. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते डोक्यात किती दिवस राहणार?

सुलतान अहमदशाहाने १४११ मध्ये साबरमतीच्या काठी हे शहर वसवले. तिथे दंतकथा सांगतात की शिकारीला निघालेल्या सुलतानाने एका सशाला कुत्र्याच्या अंगावर उलटून येताना पाहिले, आणि जिथे ससाही इतका धीट तिथे राजधानी करायची असे ठरवले. अशीच ससा-कुत्र्याची कथा आणखीही काही शहरांबद्दल सांगतात, तेव्हा ती कथा म्हणूनच घ्यावी. पुढे त्याचा नातू असलेल्या महमूद बेगड्याने शहराभोवती तट बांधला, बारा दरवाजांचा. तटाची भिंत आज बहुतेक गेली आहे, दरवाजे मात्र रहदारीच्या मधोमध उभे आहेत. आणि २०१७ च्या जुलैमध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतातील तो मान मिळालेले हे पहिले शहर.

सकाळी आठला आम्ही काळुपूरच्या मंदिरात जमलो. दरवाजाशी सातवीतून नुकताच आठवीत आलेला एक मुलगा अडला आणि हळूच विचारू लागला, "सर, आपल्याला आत सोडतील?" महापालिकेचा मार्गदर्शक तरुण होता, हिंदी छान बोलत होता. त्याने ते ऐकले आणि म्हणाला, "बेटा, सगळी मंडळी इथूनच निघते. चपला तेवढ्या तिकडे ठेव." हे मंदिर १८२२ चे, स्वामीनारायण पंथाचे पहिले मंदिर, सहजानंद स्वामींच्या हयातीतच झालेले. सारे नक्षीकाम ब्रह्मदेशच्या सागवानात, त्यावर रंग दिलेले. खांबांचे तीर आणि हत्ती, पोपट, मोर पाहत मुले माना वर करून उभी राहिली. सागवानावर हात फिरवून पाहणारा एक जण होता, तो आपल्या गावातील एका सुताराचा मुलगा. तो नंतर दिवसभर लाकडाशिवाय कशाकडे पाहतच नव्हता, आणि माझ्या मते त्या दिवशी सर्वात जास्त तोच शिकला.

तिथून पोळी सुरू होतात. 'पोळ' हा शब्द ऐकताच आमच्या मुलांना हसू आवरेना, कारण आपल्याकडे पोळ म्हणजे मोकाट सोडलेला वळू. गुजरातेत पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली वस्ती. एक मोठा लाकडी दरवाजा, त्यावर पहारेकऱ्याची खोली, आत एक अरुंद वळणावळणाची गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या आणि खांचे, मध्येच एक छोटा चौक, आणि चौकात उंच खांबावर पाखरांना दाणे टाकण्यासाठी बांधलेला चबुतरा. रात्री दरवाजा बंद झाला की आतली माणसे एका घरात असल्यासारखी. अशा काही शेकडो पोळी या शहरात आहेत, कुठे जैनांच्या, कुठे ब्राह्मणांच्या, कुठे कारागिरांच्या, आणि मुसलमानांचे मोहल्ले त्यांना लागून. गल्ल्या इतक्या अरुंद की दुपारचे ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळेच उन्हाळ्यात त्या थंड राहतात. आपल्या खानदेशातल्या उन्हात जो राहतो त्याला ही अक्कल लगेच पटते.

घरांविषयी मार्गदर्शकाने दोन गोष्टी सांगितल्या त्या मला फार महत्त्वाच्या वाटल्या. एक, भिंतीत विटांच्या थरांमध्ये लाकडाच्या तुळ्या आडव्या घातलेल्या असतात. भूकंप झाला की लाकूड थोडा झोका घेते आणि भिंत एकदम कोसळत नाही. दुसरी, पुष्कळशा जुन्या घरांच्या चौकाखाली पाण्याचे टाके असते. छपरावरचे पावसाचे पाणी तांब्याच्या किंवा दुसऱ्या नळीने त्यात उतरते, पहिल्या पावसाचे पाणी वाहू देतात, नंतरचे साठवतात, आणि ते वर्षभर पिण्याला चालते. टँकरची वाट पाहत घागरी मांडणाऱ्या गावातून आम्ही गेलो होतो. नववीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "मग आपण का नाही करत?" विज्ञानाच्या सरांनी उत्तर द्यायला घेतले आणि ते उत्तर पुढच्या दोन पोळींपर्यंत चालले.

वाटेत कवी दलपतरामांचे घर लागते. घर म्हणजे आता फक्त घराचा दर्शनी भाग उरला आहे, आणि ओट्यावर कवी बसले आहेत असा पुतळा. सिंहासन नाही, घोडा नाही, चौथरा नाही. शेजारचे म्हातारे ओट्यावर बसलेले असावेत तसे ते बसलेले. आमची मुले दोन्ही बाजूंना जाऊन बसली आणि फोटो काढले, कोणी रागावले नाही. दलपतराम (१८२० ते १८९८) हे गुजरातीचे मोठे कवी. अलेक्झांडर फोर्ब्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४८ मध्ये गुजराती भाषेच्या अभ्यासासाठी संस्था काढली, तीत दलपतरामांचा मोठा वाटा. कवीचा असा पुतळा मी आपल्याकडे कुठे पाहिलेला नाही. आपल्याकडे पुतळ्याला उंचावर चढवल्याशिवाय आदर पुरा होत नाही!

काळा रामजीचे मंदिर, जैनांची देरासरे, लाकडी देवालये यांत मी वेळ घेत नाही. एकच सांगतो, की देरासरात आमच्या मुलींनी संगमरवराची बारीक जाळी पाहिली आणि पुढे मशिदीत तशीच दगडी जाळी पाहिली, तेव्हा त्यांनी स्वतःच वहीत दोन्हींची चित्रे शेजारी शेजारी काढली. आम्ही सांगितले नव्हते.

हरकुंवर शेठाणीच्या हवेलीसमोर मात्र मी मुलींना मुद्दाम थांबवले. एकोणिसाव्या शतकातील ही प्रचंड हवेली, साठेक खोल्यांची, आणि तिचे लाकडी तीर असे की खाली उभे राहून मान दुखावी. हरकुंवर ही शेठ हठीसिंह यांची पत्नी. त्यांनी दिल्ली दरवाजाबाहेर मोठे जैन मंदिर बांधायला घेतले आणि काम अर्धे असताना ते वारले. त्या बाईने ते काम हाती घेऊन १८४८ मध्ये पुरे केले. इतकेच नव्हे तर मुलींच्या शिक्षणासाठीही तिने देणगी दिली. त्या काळी! विधवेने घराबाहेर पडावे की नाही यावर जिथे वाद चालत, तिथे एका विधवेने कारागिरांचे हिशेब पाहिले. आपल्यापैकी काही घरांत दहावीनंतर मुलीला पुढे शिकवावे की नाही याचा विचार सुरू आहे, हे मला माहीत आहे. त्यांना मी एवढेच विनवतो की निर्णय घेण्याआधी एकदा मुलीची सहलीची वही वाचा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो.

वाटेत 'कुवावाळो खांचो' नावाचा एक बंद बोळ लागतो. कुवा म्हणजे विहीर. एका लहानशा चौकाभोवती निरनिराळ्या धाटणीची घरे. मार्गदर्शक बोट दाखवून सांगू लागला : हे घर गुजराती पद्धतीचे, त्यावर इंग्रजी छाप, हे फारसी धाटणीचे, आणि हे मराठा पद्धतीचे. 'मराठा' शब्द ऐकताच आमची मुले खूष झाली, कोणीतरी टाळीही वाजवली. तेव्हा त्याने सांगितले की १७५८ पासून १८१७ पर्यंत हे शहर मराठ्यांच्या ताब्यात होते, पेशवे आणि गायकवाड यांनी त्याचे उत्पन्न वाटून घेतले होते, आणि गुजरातच्या लोकांच्या आठवणीत तो काळ मुख्यतः वसुलीचा आहे. टाळी थांबली.

थोड्या वेळाने नववीतला एक हुशार मुलगा माझ्या बाजूने चालू लागला. म्हणाला, "सर, सुलतान मुसलमान होते, म्हणजे ते आपले. मराठ्यांनी ते शहर घेतले. पण आपण मराठी, म्हणजे मराठेही आपले. मग त्या वेळी आपण कोणाच्या बाजूचे?"

बंधू-भगिनींनो, बारा वर्षे मी इतिहास शिकवतो आहे, पण इतका खरा प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. वर्गात विचारला जाणारही नाही, कारण वर्गात धडा सुलतानांचा वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा असतो, मध्ये घटक-चाचणी असते. इथे मात्र एकाच चौकात दोघांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, प्रश्न वहीत लिही, संध्याकाळी बोलू. आपण मुलांना नकळत इतिहास क्रिकेटच्या सामन्यासारखा शिकवतो. कोणत्या संघाचे आपण, आणि कोण जिंकले. घरी आपण सांगतो की आपल्या बादशहांनी किती मोठ्या इमारती बांधल्या. बाहेर त्याला कोणी ऐकवतो की तुमच्या बादशहांनी काय काय पाडले. दोन्हीकडे त्या मुलाला एका संघाची टोपी घातली जाते, आणि तो बिचारा भूगोलाच्या गृहपाठाने आधीच वाकलेला असतो!

असो. फेरी पुढे गांधी रस्त्यावर निघते. फर्नांडिस पूल नावाचा १८८४ चा छोटा पूल आहे, वरून रस्ता आणि खाली वह्या-पुस्तकांचा बाजार. आमचे निम्मे विद्यार्थी तिथेच अडकले, शिक्षकांना त्यांना ओढून काढावे लागले. जवळच चांदला ओळ. 'ओळ' हा शब्द आपलाच, दुकानांची ओळ, आणि चांदला म्हणजे कुंकवाचा टिळा. मग माणेक चौक. सकाळी तिथे गाईंना चारा घालतात, दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो, आणि रात्री सराफांची दुकाने बंद झाली की त्याच जागी खाण्याचे गाडे लागतात आणि मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. एका जागेचा तिहेरी उपयोग असा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. चौकाला नाव माणेकनाथ या साधूचे. दंतकथा अशी की सुलतान दिवसभर तट बांधी आणि हा साधू दिवसभर गोधडी शिवी, रात्री साधू टाके उसवी आणि तट ढासळे. पुढे सुलतानाने त्याची समजूत कशी काढली त्याच्या निरनिराळ्या कथा आहेत. पण शेवटी बादशहाच्या राजधानीचा मुख्य चौक त्या साधूच्या नावाने आजवर ओळखला जातो, एवढे मात्र डोळ्यांनी दिसते.

चौकाच्या एका अंगाला राणीचा हजीरा, म्हणजे सुलतानाच्या राण्यांच्या कबरी. त्याच्याभोवती बायकांच्या कपड्यांचा आणि दागिन्यांचा बाजार भरलेला. दुसऱ्या अंगाला बादशहाचा हजीरा. तिथे अहमदशाह (मृत्यू १४४२), त्याचा मुलगा आणि नातू यांच्या कबरी आहेत. 'मिरात-ए-सिकंदरी' या फारसी इतिहासग्रंथात अहमदशाहाची एक हकीकत आहे. त्याच्या जावयाने माजाच्या भरात एका माणसाचा खून केला. काझीने मृताच्या वारसांची नुकसानभरपाईवर समजूत घातली. सुलतानाने वारस राजी असल्याचे ऐकले, आणि तरीही जावयाला भर बाजारात फासावर दिले. त्याचे म्हणणे होते की पैसेवाले खून करून पैसे मोजू लागले तर गरिबाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? हकीकत मुलांनी कान देऊन ऐकली.

इथे एक गोष्ट घडली ती सांगितली नाही तर भाषण अपुरे राहील. मुख्य कबरीच्या दालनात स्त्रियांना जाऊ देत नाहीत. आमच्या सतरा मुली डोक्यावर ओढण्या घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने विचारले, "राणीच्या हजीऱ्यात मुले आत जातात, मग इथे आम्ही का नाही?" तिथल्या खादिमांनी सांगितले, रिवाज आहे. रिवाज आहे हे खरे, आम्ही तो पाळला. पण मुलीचा प्रश्न मी दाबला नाही, आणि तो तिच्या वहीत आहे.

मग जुम्मा मशीद. बाजाराच्या गोंगाटातून पायऱ्या चढून आत गेलात की एकदम प्रशस्त दगडी अंगण. १४२४ मध्ये ही मशीद पुरी झाली. नमाजाच्या भागात २६० खांब आणि वर पंधरा घुमट. खांबांच्या मधून चालताना जंगलात चालल्यासारखे वाटते, आणि मधला भाग उंच उचललेला असल्यामुळे जाळ्यांतून उजेड झिरपत खाली येतो. एका बाजूला उंचावर जाळीआड दालन आहे, शाही स्त्रियांच्या नमाजासाठी. ते दिसताच मघाची ती मुलगी माझ्याकडे पाहून हसली. दोन मोठे मिनार होते, १८१९ च्या भूकंपात ते पडले, आता खालचे भाग तेवढे उभे आहेत. त्या उरलेल्या भागांवर साखळीला टांगलेली घंटा आणि कल्पवृक्षाची वेल कोरलेली आहे. सकाळी मंदिरात, देरासरात जे पाहिले होते तेच हात इथेही काम करून गेले हे सांगायला मार्गदर्शक लागत नाही. सुताराच्या मुलाने ते सर्वांच्या आधी ओळखले. "सर, मिस्त्री एकच घराण्याचे असतील," असे तो म्हणाला. विद्वानांनीही याहून फार वेगळे सांगितलेले नाही.

आमच्या फेरीत बाहेरगावचे एक हिंदू कुटुंब होते. मशिदीच्या दाराशी त्यातल्या आजी जरा घुटमळल्या. तेव्हा सकाळी मंदिराच्या दाराशी जो अडला होता तोच आमचा मुलगा त्यांना म्हणाला, "या ना आजी, चपला इथे ठेवा, मी लक्ष ठेवतो." आणि खरोखरच तो चपलांपाशी उभा राहिला. तिथे मी काही बोललो नाही.

दुपारी आम्ही फेरीबाहेरचे भद्र पाहिले. तिथे अहमदशाहाची १४१४ ची पहिली मशीद आहे. तिच्यात जुन्या देवळांचे खांब वापरलेले स्पष्ट दिसतात, एकावर तर तेराव्या शतकातला देवनागरी शिलालेखही आहे. मी ते मुलांना दाखवले. काही सहकाऱ्यांना वाटले, हे दाखवायची गरज होती का? माझे प्रामाणिक मत असे की गरज होती. मुलांना हे कोणीतरी सांगणारच आहे. ते शिव्यांसकट कोणा परक्याकडून ऐकण्यापेक्षा खांबाजवळ उभे राहून आपल्या शिक्षकाकडून ऐकावे. त्याच भद्रच्या किल्ल्यात मराठ्यांच्या काळात भद्रकालीचे मंदिर झाले, तेही एका मोगल सुभेदाराच्या, आझमखानाच्या, इमारतीच्या एका दालनात. तेही आम्ही पाहिले. ज्याची सत्ता आली त्याने आधीच्यांचा दगड वापरला, हे मुलांनी दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि कोणाचा चेहरा उतरला नाही. त्यांच्यापेक्षा आपणच जास्त घाबरतो.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाविषयी. संध्याकाळी धर्मशाळेच्या गच्चीवर सारे बसलो तेव्हा मी त्यांना दोन माणसांची हकीकत सांगितली. १ जुलै १९४६. रथयात्रेच्या दिवशी अहमदाबादेत दंगा पेटला. वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे काँग्रेस सेवादलाचे दोन कार्यकर्ते, घट्ट मित्र. वसंतराव अहमदाबादेतच वाढलेल्या मराठी घरातले, वय चाळीस. रजब अली कराचीत जन्मलेले, खोजा मुसलमान, तिशीही गाठलेली नव्हती. दोघे जमालपूर भागात जमावाला अडवायला, घेरलेल्या लोकांना वाचवायला गेले. दोघेही त्या दिवशी मारले गेले. गुजरातेत 'वसंत-रजब' हे नाव एकत्रच घेतात, मध्ये स्वल्पविरामही देत नाहीत. २०१५ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते गायकवाडांच्या जुन्या हवेलीच्या आवारात, म्हणजे जिथून मराठे या शहराचा कारभार पाहत होते तिथे.

हकीकत संपल्यावर गच्चीवर कोणी बराच वेळ बोलले नाही. मग त्या मुलाने विचारले, "हे आपल्या पुस्तकात का नाही?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण त्याचा सकाळचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही, हे मी पाहिले. त्याच्या वहीत त्या प्रश्नाखाली त्याने दोन नावे लिहिली आहेत. बाहेर व्हरांड्यात ते पान लावले आहे.

मी काही भोळेपणाने बोलत नाही. सकाळी पोळीचा जो दरवाजा इतका सुंदर वाटला, तो दंग्याच्या दिवसांत कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी नाही हेही त्या शहराने पाहिले आहे. अडीच तासांच्या पायपिटीने असले दरवाजे उघडत नाहीत. जुन्या पोळीतली पुष्कळ घरेही आता ओस पडली आहेत, माणसे नदीपलीकडे राहायला गेली, घरांत गोदामे झाली. पण ज्या मुलाने ते शहर फक्त बातम्यांतून ऐकले होते, त्याच्या मनात आता सागवानाचे हत्ती आहेत, ओट्यावर बसलेला कवी आहे, २६० खांब आहेत. भीतीच्या जोडीला दुसरेही काही आहे. ज्या बापाने चहा घेतला नव्हता, त्यांनी मुलगा घरी आल्यावर मला निरोप पाठवला. निरोपात एवढेच होते की पोरगा दोन दिवस नुसता बोलतोच आहे.

आता त्या चाचांच्या हरकतीकडे येतो, ज्यांनी विचारले होते की पायी फिरायला लांब कशाला? चाचा, आपले म्हणणे मला मान्य आहे. आपल्या गावात जुनी पेठ आहे, पडकी गढी आहे, बारव आहे, दर्गा आहे, राममंदिर आहे, इंग्रजी अमदानीतली शाळेची इमारत आहे, विणकरांची आळी आहे. यातल्या एकाही वास्तूची नीट टिपलेली माहिती शाळेत नाही. तेव्हा नववीच्या मुलांनी ठरवले आहे की गावातल्या फेरीचा मार्ग आपणच आखायचा. अंतर पावलांनी मोजून झाले आहे, ते दीड किलोमीटरच्या आसपास भरते. बारवेतला गाळ आणि झुडपे काढण्यासाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. गढीवर कोण राहत होते, पेठेत काय विकले जात होते, दर्ग्याच्या उरुसात पूर्वी कोणकोणत्या आळीचा मान होता, हे सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांच्या घरी असे वडीलधारे असतील, मग ते आपल्या समाजाचे असोत वा शेजारच्या आळीतले, त्यांची नावे आज जाताना दारातल्या टेबलावर लिहून द्यावीत. मुले दोन-दोनच्या जोडीने त्यांच्याकडे येतील, वही घेऊन. ज्यांच्याकडे जुने कागद, खरेदीखते, फोटो असतील त्यांनी ते देऊ नयेत, फक्त दाखवावेत, आम्ही समोरच त्यांची प्रत काढून घेऊ. पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी साडेसातला शाळेच्या दरवाजापासून निघेल. पाण्याची बाटली आणि टोपी ज्याची त्याने आणावी. मुलींबरोबर आपा असतील. पालकांपैकी जे येतील त्यांना मुलेच माहिती सांगणार आहेत, तेव्हा मध्येच चुका काढू नयेत, शेवटी काढाव्यात.

खुदा हाफिज.